चार वाजताचा दुसरा भोंगा

प्रिय अनन्या आणि नील,

गेल्या रविवारी नील फोनवर म्हणाला, "आजी, मला एका कंपनीत इंटर्नशिप मिळालीय, लेबर रिलेशन्समध्ये. पण दिवसभर मीटिंगमध्ये मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. यातून मी काय शिकणार?" मी हसले, आणि तुम्हाला वाटलं, आजीला ऐकू आलं नाही. आलं होतं. तुझ्याच वयाची असताना मीही हे केलं होतं, आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर. मलाही आधी नुसतं बसवूनच ठेवलं होतं. ज्यांनी बसवलं, त्यांच्याविषयी मी तुमच्या आईबाबांनाही कधी नीटसं सांगितलं नाही. फोनवर ते सांगता येणार नाही. तुमची सकाळ होते तेव्हा माझे डोळे मिटायला लागतात. म्हणून लिहिते. अनन्या, तुला मराठी वाचायला वेळ लागतो आणि मला आता लिहायला लागतो, तेव्हा आपण दोघी बरोबरीत आहोत.

आधी काळ आणि ठिकाण. स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मुंबईच्या एका संस्थेत मी समाजकार्य शिकत होते. शिक्षण सगळं इंग्रजीतून. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला काही महिने प्रत्यक्ष कामावर पाठवत. मुलींच्या वाट्याला बहुतेक इस्पितळं नाहीतर अनाथाश्रम येत. मला कामगारांचा विषय हवा होता आणि मी हट्ट सोडला नाही. माझे वडील नगरला शाळामास्तर होते. मुलगी निदान आपल्या जिल्ह्यात राहील, एवढ्या समाधानावर त्यांनी होकार दिला.

कारखाना कालव्याच्या भागात होता. नजर पोचेल तिथवर ऊस, मधोमध चिमणी, आणि दिवसरात्र मळीचा आंबूस गोड वास. चार दिवसांनी तो येईनासा होतो आणि गावाबाहेर गेलं की चुकल्यासारखं वाटतं. कामगारांच्या खोल्यांच्या रांगांना 'लाइन' म्हणत. कारखान्याने नुकताच एक लेबर ऑफिसर नेमला होता. कामगार आणि कारखानदार यांच्यातल्या तक्रारी त्याने मिटवायच्या. त्यांचं नाव दत्तात्रय सोनटक्के. सगळी लाइन त्यांना 'लेबरसाहेब' म्हणे. माझी राहण्याची सोय त्यांच्याच घरी होती, कारण एकट्या मुलीला दुसरीकडे कुठे ठेवणार?

दिसायला ते अगदी साधे. बुटके, सावळे, डोक्यावर काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. लक्षात राहायच्या त्या त्यांच्या वहाणा. त्या इतक्या करकरत, की साहेब ऊस मोजायच्या काट्यावर असले तरी बॉयलरपाशी कळे. मी एकदा म्हटलं, "यांना थोडं तेल लावलं तर?"

"मुद्दाम लावत नाही," ते म्हणाले. "माणूस बेसावध सापडला की खोटं बोलतो. आपण येतोय हे त्याला आधी कळू द्यावं."

पहिल्या दिवशी मी संस्थेने दिलेली छापील प्रश्नावली घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, नीट घडी घातली आणि परत दिली.

"प्रश्न चांगले आहेत. राहू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा."

"किती वेळ?"

"कंटाळा येईपर्यंत. मग आणखी थोडा वेळ."

त्यांच्या खोलीबाहेर कडुलिंबाखाली एक बाक होता. गाऱ्हाणं घेऊन आलेली माणसं त्यावर पाळी येईपर्यंत बसत. मीही बसले. शेजारी एक म्हातारी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय गं पोरी, नवऱ्यानं टाकली व्हय?"

"नाही आजी, माझं लग्न झालेलं नाही."

"मंग कशापायी आलीस हितं रडाया?"

"मी शिकायला आले आहे."

"बाकावर बसाया?" म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं, आमी जलमभर बसलो, आमाला कुनी पास न्हाई केलं!"

मी तिथे बसून राहिले. हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. माणूस बाकावर येई तेव्हा त्याच्या तोंडात एक वाक्य असे. वाट बघता बघता तो ते घासत राही. शेजाऱ्याला सांगताना त्यात राग असे, भावाचं लग्न असे, कारकून सगळ्यांदेखत काय बोलला ते असे. आत गेल्यावर त्यातलं एवढंच उरे, "साहेब, रजा मिळावी." मी हे सोनटक्क्यांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तक्रार असते ती बाकावर," ते म्हणाले. "माझ्या टेबलापर्यंत येतो तो अर्ज. आता तुम्ही आत बसलात तरी चालेल."

नील, मागे बसून काय शिकायचं ते हे.

आत बसल्यावर मला त्यांची रीत कळली. लाइनीतल्या गंगूबाई आणि सखू या दोघी एकदा नळावरून भांडत आल्या. बादल्यांसकट आल्या होत्या. दोघी एकदम बोलत होत्या, आणि सोनटक्के टेबलावर हात ठेवून शांत बसले होते. दोघींना दम लागल्यावर ते म्हणाले, "गंगूबाई, आता सखूचं गाऱ्हाणं तुम्ही मला सांगायचं."

"तिचं म्या का सांगू? तिला त्वांड न्हाई?"

"सखूने मान डोलावली, की मग तुमचं गाऱ्हाणं ती सांगेल. तोवर मी कुणाचंच ऐकणार नाही."

गंगूबाईने कमरेवर हात ठेवून सखूची नक्कल सुरू केली. "म्हनती, मी लई गरीब, माजंच तेवढं पानी, बाकीच्यांनी तहानेनं मरावं..."

"असं कवा म्हनले मी?"

"मंग काय म्हनलीस?"

"मी म्हनले, माजा नवरा रातपाळी करून येतो, सकाळी कुटं त्याचा डोळा लागतो, आन् तू बादली आपटतीस. त्यो दचकून उटतो. परवा मशिनीच्या पट्ट्यात हात जाता जाता वाचला त्याचा."

गंगूबाईने कमरेवरचे हात खाली घेतले. मग हळू आवाजात म्हणाली, "ह्ये मला कुटं ठावं हुतं?"

"सांगू दिलंस का?"

सोनटक्क्यांनी दारातल्या शिपायाला हाक मारली, "चहा सांगा." आणि मला कळलं की भांडण मिटलं.

हा चहाही त्यांच्या रीतीचाच भाग होता. भांडण चालू असेपर्यंत ते कुणाकडचं काही घेत नसत. घरून एक फिरकीचा तांब्या भरून आणत आणि तेवढंच पाणी पीत. मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर सरबत आलं तरी नाही, लाइनीत गुळाचा चहा आला तरी नाही. दोन्ही बाजूंचं समाधान झालं की स्वतः म्हणत, "चहा सांगा." सगळा कारखाना या दोन शब्दांची वाट बघत असे. एका सभेत रंगनाथ नावाचा तरुण फिटर, जो युनियनचा पुढारी होता, त्यांना तोंडावर म्हणाला होता, "लेबरसाहेब, तुमी कंपनीचं खाता."

"खातो," सोनटक्के म्हणाले. "म्हणून तर पाणी माझं पितो."

एकमेकांचं गाऱ्हाणं सांगायच्या या बैठकीला लाइनीत 'उलटी बैठक' म्हणत. पोरं तर 'लेबरसाहेब-लेबरसाहेब' असा खेळच खेळत, एकजण वहाणा करकरवत येई आणि विचारी, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की...?" घरी वहिनी त्याच शब्दांवरून त्यांना छळत. वहिनी म्हणजे त्यांची पत्नी. ठेंगणी, हसरी, जिभेची तिखट. "कुमुद, अगं तुला सांगते, लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा स्वयंपाक केला. हे घास तोंडात घेऊन म्हणतात, 'म्हणजे तुझं म्हणणं असं, की आमटीत मीठ घालायचं नसतं?'"

ही रीत कुठून शिकलात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी नगरच्या आपल्या घराची गोष्ट सांगितली. वडील आणि काका हातमागावर लुगडी विणत. दोघांचं काहीतरी बिनसलं आणि बोलणं बंद झालं, पण माग एकाच पडवीत. "एकमेकांना द्यायचे निरोप माझ्याकडे," ते म्हणाले. "शब्द इकडचा तिकडे झाला की मार दोन्हीकडून. तिथे शिकलो."

आता खरी हकिगत.

कारखान्याचा भोंगा वाफेवर वाजे. बॉयलरपाशी त्याची साखळी लोंबत असे आणि ती ओढायचं काम लक्ष्मण खरात नावाच्या माणसाकडे होतं. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. बायको आणि आंधळी आई यांच्यासह तो लाइनीतल्या एका खोलीत राही. आजूबाजूच्या गावांत तेव्हा घड्याळं कुणाकडे होती? सगळ्यांचा दिवस लक्ष्मणच्या हातातल्या साखळीवर चाले. त्यातही चारचा भोंगा महत्त्वाचा. चारला पाळी बदले, शेतातल्या बाया कोयते खाली ठेवून पोरांना झोळीतून उचलत, गाडीवान बैल सोडत. लक्ष्मणला याचा फार अभिमान होता. पोरांनी साखळीला हात लावला तर तो शिव्या देत नसे. नुसता उभा राहून बघे आणि पोरं पळून जात.

त्या हिवाळ्यात नामदेव नावाचा कामगार तापाने गेला. तो गव्हाणीवर होता. उसाच्या मोळ्या जिथे टाकतात आणि तिथून फिरत्या साखळीवर चढून त्या चरकात जातात, ती गव्हाण. दुपारी त्याला न्यायला निघाले. स्मशानाची वाट कारखान्याच्या भिंतीखालून होती. आत यंत्रांचा गडगडाट. पाळीवरच्या माणसांना जाग्यावरून हलता येत नव्हतं, पुष्कळांना तर नामदेव गेल्याचंही माहीत नव्हतं. बॉयलरच्या ओट्यावरून लक्ष्मणला भिंतीपलीकडची तिरडी दिसली. त्याने साखळी धरली आणि ओढली. लांबवर, एकसारखी, तिरडी भिंत ओलांडून जाईपर्यंत ओढून धरली.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. सूर्य कुठे आहे ते दिसत नव्हतं. भोंगा ऐकून, चार वाजले असं समजून, शेतांतली कापणी थांबली. गाडीवानांनी भरल्या गाड्या वाटेतच सोडल्या आणि बैल घराकडे हाकले. पुढच्या पाळीची माणसं अर्ध्या जेवणावरून उठून फाटकाशी आली आणि आतल्यांशी हुज्जत घालू लागली. काट्यावर ऊस थोडाच होता. तो संपला, गव्हाण रिकामी पडली, चरक बंद करावे लागले. टाक्यांतला रस आंबून गेला. एका भोंग्याने सगळा मुलूख चुकला होता.

मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, आडनाव सहस्रबुद्धे. लाइनीत ते कुणाला उच्चारता येत नसे म्हणून ते 'सासबुद्धे साहेब' झाले होते. दुष्ट अजिबात नव्हते. जातिवंत इंजिनियर, यंत्राचा आवाज बदलला की जेवता जेवता हात थांबायचा. त्यांनी संध्याकाळीच हुकूम काढला: लक्ष्मणला कामावरून कमी केलं आहे, खोली खाली करावी. रंगनाथनेही जाहीर केलं, की लक्ष्मण नाही तर उद्यापासून कोणीच नाही.

हुकमावर लेबर ऑफिसरची सही लागे. सोनटक्के मला बरोबर घेऊन बंगल्यावर गेले.

"सही करा," सहस्रबुद्धे म्हणाले.

"करतो. आधी एक बैठक घेऊ द्या."

"यात कसली बैठक? भोंगा वाजवला का? वाजवला. मान्य आहे का? आहे. विषय संपला."

"त्याने मान्य केलंय, म्हणूनच बैठक."

"आणि बैठक फसली तर?"

"तर लक्ष्मणची खोली रिकामी होईल त्या दिवशी माझं घरही रिकामं होईल. तुम्हाला दोन्ही किल्ल्या एकदमच मिळतील."

सहस्रबुद्धे त्यांच्याकडे बघतच राहिले. मीही. हे सगळं ते तिथल्या पेल्याला हात न लावता, उभ्यानेच बोलले होते. घरी आल्यावर त्यांनी ते वहिनींना सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "मग मी पातेली बांधायला घेऊ का?"

"घासून ठेव. बांधायचं उद्या बघू."

सकाळी वहिनींनी तांब्या भरून दिला. रोज त्या तो देताना काहीतरी टोमणा मारत. त्या दिवशी नुसती फिरकी दोनदा आवळली.

बैठक कडुलिंबाखाली होती. समोर जमिनीवर सगळी पाळी बसलेली. सहस्रबुद्धे आले तेव्हा त्यांना खुर्ची दिसली नाही. तोच तक्रारीचा बाक होता आणि त्याच्या टोकाला लक्ष्मण बसला होता. थोडं घुटमळून साहेब दुसऱ्या टोकाला बसले. सोनटक्क्यांचा पत्ता नव्हता. ज्या माणसाला कधी उशीर होत नसे, त्याला त्या दिवशी झाला. साहेब आणि लक्ष्मण एकाच बाकावर, एकमेकांकडे न बघता बसून राहिले. साहेबांनी दोनदा घसा साफ केला. लक्ष्मण बाकाची कड अंगठ्याने घासत होता. आणि मग लांबून वहाणांची करकर ऐकू आली. मी पुढे एकदा विचारलं, उशीर मुद्दाम केला होता का? "वहाणेचा अंगठा तुटला होता," ते म्हणाले. खरंखोटं मला आजवर कळलेलं नाही.

त्यांनी रंगनाथला उभं केलं. "मोठ्या साहेबांचं म्हणणं सांगा."

रंगनाथ सभा गाजवणारा. तो कामगारांकडे तोंड करून म्हणाला, "साहेबांचं म्हननं असं, की कामगार म्हंजी बैल. बैलानं बैल मेला म्हनून थांबायचं नसतं!"

लोक ओरडले. सहस्रबुद्धे तांबडे झाले. "मी असं म्हणालेलो नाही."

"मान डोलली नाही," सोनटक्के म्हणाले. "पुन्हा."

"साहेबांचं म्हननं, लई नुकसान झालं. रस गेला."

"नुकसान भरून काढता येतं," सहस्रबुद्धे म्हणाले. "ते माझं म्हणणं नाही."

रंगनाथला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. तो आणखी एकदा काहीतरी बोलला, तेही साहेबांनी नाकारलं. मग त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "ह्यांच्या मनात काय हाय ते ह्यांनाच ठावं. मला न्हाई जमायचं. चला रे."

माणसं उठायला लागली. मी सोनटक्क्यांकडे पाहिलं. त्यांनी कुणाला थांबवलं नाही, आवाज चढवला नाही. तांब्याची फिरकी काढली, वरून घोटभर पाणी प्यायले, फिरकी पुन्हा बसवली. दोन घरं त्या क्षणावर टांगलेली होती, त्यांतलं एक त्यांचं स्वतःचं.

"मी सांगू का?"

लक्ष्मण बोलत होता. तोवर त्याने तोंड उघडलं नव्हतं. उठलेले लोक होते तिथेच थांबले.

"सांगा," सोनटक्के म्हणाले.

"सायबांचं म्हननं असं हाय," लक्ष्मण खाली बघत म्हणाला, "की समदा मुलूख त्या भोंग्यावर चालतो. घड्याळ कुनाकडं न्हाई. भोंगा म्हनला चार, की चार. कुनी वर आभाळाकडं बगत न्हाई. त्या दिशी भोंगा खोटं बोलला. माज्या हातनं बोलला. आता उद्या त्यो खरं बोलला, तरी मान्सं आदी वर बगत्याल."

सहस्रबुद्धे लक्ष्मणकडे वळले होते. पहिल्यांदाच. त्यांनी एकदा मान डोलावली, आणि नंतर पुन्हा एकदा.

"हेच," ते म्हणाले. "मला इतकं नीट सांगता आलं नसतं."

"आता तुम्ही, साहेब," सोनटक्के म्हणाले. "लक्ष्मणचं."

"त्याचा मित्र गेला. त्याला दुःख झालं."

लक्ष्मणने मान हलवली, नाही अशी. "दुक तर झालंच साहेब. पर त्यासाटी न्हाई वढली साकळी."

"जायला सुट्टी मिळाली नाही, त्याचा राग आला."

"न्हाई."

सहस्रबुद्धे वैतागले. कोडं सुटत नसलं की इंजिनियर वैतागतो तसे. मग त्यांनी विचारलं, "हा नामदेव कुठे होता?"

"गव्हानीवर."

"कोण, तो दाढीवाला?"

"न्हाई, त्यो ईश्वरा. नामदेव म्हंजी मोळ्या टाकताना मोट्यानं गानी म्हनायचा त्यो."

"गाणी?" सहस्रबुद्धे म्हणाले. "चरकाच्या आवाजात? कुणाला ऐकू येत होती?"

"आमाला यायची."

साहेबांनी चिमणीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. सोनटक्क्यांनी घाई केली नाही. शेवटी साहेब एक एक शब्द टाकत म्हणाले, "तुमचं म्हणणं असं, की तो माणूस आमच्या भिंतीखालून शेवटचा गेला, आणि भिंतीच्या आत कुणाला कळलंसुद्धा नाही. मला तर तो होता हेही कळलं नव्हतं."

लक्ष्मणने मान डोलावली आणि पटक्याचा शेव तोंडावर धरला.

"बरं," सोनटक्के म्हणाले, "मग आता काय करायचं?" आणि ते बाजूला जाऊन झाडाला टेकून उभे राहिले, जणू त्यांचं काम संपलं होतं.

पुढचं सगळं त्या दोघांनी बाकावर बसून केलं. भोंगा खोटं बोलता कामा नये, साहेब म्हणाले. चारला तो वाजतोच, लक्ष्मण म्हणाला. मग चारचा वाजू दे, नेहमीसारखा. त्याच्यामागून, जरा थांबून, दुसरा, आखूड. म्हणजे कुणाची वेळ चुकणार नाही आणि सगळ्यांना कळेल, की आपल्यातलं कुणीतरी गेलं. रंगनाथने विचारलं, कुणासाठी वाजवायचा, फक्त कायम कामगारांसाठी का? साहेब म्हणाले, "जो इथे काम करतो त्या प्रत्येकासाठी. ऊस तोडणारे, गाडीवान, सगळे." हे रंगनाथनेही मागितलं नव्हतं. हुकूम रद्द झाला. पण हंगाम संपेपर्यंत लक्ष्मणने साखळीला हात लावायचा नाही, एवढं साहेबांनी राखलं. लोक पुन्हा कुरकुरायला लागले.

"कबूल हाय," लक्ष्मण म्हणाला. "म्याच म्हननार हुतो."

सोनटक्के झाडापासून पुढे आले. "चहा सांगा," ते म्हणाले, आणि समोरच्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "उपाय तुमच्या मनात आधीपासून होता ना?"

"होता. वेगळा होता. यांचा जास्त चांगला निघाला."

एवढंच. ना त्यात मोठेपणा, ना खंत. वहिनींनी आतून विचारलं, "मग पातेली मांडू का परत?" आणि ते म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की जेवायला आज उशीर आहे?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता भोंगा वाजला. मग शांतता झाली. मग दुसरा वाजला, आखूड, नामदेवसाठी. मी शेताच्या बांधावर होते. बाया कोयते खाली ठेवून उभ्या राहिल्या. एकीने दुसरीला विचारलं, "कोन गं?" आणि तिसरीने सांगितलं, "गव्हानीवरचा नामदेव. गानी म्हनायचा त्यो."

मी परीक्षा दिली, पदवी घेतली. पुढे नोकरीत पुष्कळ मोठी माणसं पाहिली. परिषदांतली, मंत्रालयांतली, तुमच्या देशातलीही. भाषणं फार चांगली ऐकली. पण समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट सांगता येईपर्यंत आपलं म्हणणं खिशात ठेवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. मी प्रयत्न केला. तुमच्या आजोबांशी भांडतानासुद्धा केला. दुसऱ्या वाक्यातच माझा आवाज चढायचा.

माझे महिने संपले. सोनटक्के मला टांग्याने स्टेशनवर सोडायला आले. गाडीला अवकाश होता. ते मला मुंबईत कुणाला भेटावं ते सांगत होते, आणि लांबून चारचा भोंगा ऐकू आला. ते बोलता बोलता थांबले. टांगेवाल्यानेही घोड्याच्या मानेवर हात ठेवला. आणि मग, शांततेनंतर, दुसरा.

त्यांनी टोपी काढली. टांगेवाल्याला विचारलं, "कोण रे?"

"न्हाई ठावं, साहेब."

भोंगा विरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग टोपी घातली, माझ्याकडे बघून म्हणाले, "कोण ते बघायला हवं," आणि निघाले. मुंबईचं वाक्य अर्धंच राहिलं. टांग्यातही बसले नाहीत. उसातून जवळची पायवाट होती, तिने गेले. ते दिसेनासे झाल्यावरही थोडा वेळ वहाणांची करकर येत होती. मग इंजिनाची शिट्टी झाली आणि करकर ऐकू येईनाशी झाली. मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

गेल्या दिवाळीत तुमचे बाबा आले होते तेव्हा त्यांनी मला नगरच्या सावेडीतल्या घरून गाडीने तिकडे नेलं. कारखाना केव्हाच बंद पडला आहे. चिमणी पाडली आहे, लाइनीच्या जागी दुकानं आहेत, कडुलिंबही नाही. भोंगा आहे. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवला आहे आणि आता तो विजेवर वाजतो. त्याच्यावर आता कुणाची पाळी बदलत नाही. रोज चार वाजता तो एकदा वाजतो. गावात कुणी गेलं असेल, तर दोनदा.